पाच हजार अंड्यांमागे दोन मासे

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात प्रशांत महासागराला लागून टिलामुकची खाडी आहे. मायामी, किल्चिस, विल्सन, ट्रास्क आणि टिलामुक अशा पाच नद्या तिला येऊन मिळतात. पसारा साधारण 34 चौरस किलोमीटरचा, पण सरासरी खोली जेमतेम 2 मीटर. ओहोटीला निम्मा तळ चिखल होऊन उघडा पडतो. भरतीचा शेवटचा एक मीटर चढतो तेव्हा तीन कोटी टनांच्या वर पाणी आत शिरलेलं असतं. ओहोटी लागली की ते सगळं दोन दगडी बांधांमधल्या एकाच तोंडातून समुद्राकडे धावतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात या पाण्यावर लोक कयाक घेऊन चिनूक जातीचा सामन गरवायला उतरतात. कयाक म्हणजे चारेक मीटर लांबीची, चाळीसेक किलो वजनाची प्लॅस्टिकची होडी. माणूस पाण्यापासून वीतभर उंचीवर बसतो आणि पायांनी पेडल मारत ताशी चार-पाच किलोमीटर जातो. तोंडाशी ओहोटीची ओढ याहून जोराची असू शकते, म्हणून जाणती माणसं भरतीसोबत खाडीच्या आतच राहतात. पाणी 10 ते 13 अंश सेल्सिअस. अशा थंड पाण्यात पडलेल्यांसाठी 1-10-1 हे आकडे सांगितले जातात: श्वास ताब्यात आणायला 1 मिनिट, हातपाय कामाचे असतात ती 10 मिनिटं, आणि शुद्ध हरपायच्या आधीचा 1 तास. तोही लाइफ जॅकेट असेल तर. हे तीन आकडे पाठ नसतील त्याने किनाऱ्यावरूनच गरी टाकावी.

आता मासा. चिनूकची मादी शेपटीने नदीतली खडी उकरते आणि त्या खळग्यांत चार-पाच हजार अंडी घालते. एकेक अंडं सात-आठ मिलिमीटरचं. पूर खडी वाहून नेतो, गाळ अंडी गुदमरवतो, पिल्लांवर बगळे, ट्राउट, पाणमांजरं टपलेली असतात आणि पुढे समुद्रात सील आणि ऑर्का. संख्या आहे तेवढीच टिकायची तर पाच हजारांतले फक्त दोन परत येऊन वीण घालू शकले तरी पुरतं. म्हणजे खाडीतून वर निघालेल्या प्रत्येक माशामागे जवळपास अडीच हजार भावंडं संपलेली असतात.

समुद्राकडे निघालेलं पिल्लू बोटभर लांब आणि दहाएक ग्रॅमचं असतं. तीन-चार वर्षांनी ते दहा किलोचं होऊन येतं, म्हणजे हजारपट. तीन किलोचं तान्हं बाळ शाळेत जायच्या आत तीन टनांचं व्हावं, तशी ही वाढ. गळाने धरलेल्या चिनूकचा विक्रम अलास्कातल्या केनाय नदीवर 1985 साली झाला: 97 पौंड 4 औंस, म्हणजे 44 किलो. मासा कयाकहून जड! दहा किलोचा लागला तरी होडी त्याच्यामागे ओढली जाते.

पण मला सर्वांत थक्क करतं ते त्याचं नाक. हजारो किलोमीटर समुद्र फिरून तो स्वतःच्याच नदीवर येतो, आणि शेवटच्या टप्प्यात वाट दाखवतो तो लहानपणी ओळखलेला पाण्याचा वास. विस्कॉन्सिनच्या आर्थर हॅसलर आणि सहकाऱ्यांनी कोहो या दुसऱ्या जातीच्या सामनची पिल्लं मॉर्फोलिन या रसायनाच्या वासात वाढवली. मोठी झाल्यावर ती तोच वास सोडलेल्या ओढ्याकडे वळली. मात्रा लिटरमागे 0.00005 मिलिग्रॅम. 25 लाख लिटरच्या ऑलिंपिक तलावात 125 मिलिग्रॅम, चिमूटभरही नाही.

मासा होडीच्या कुशीला आला की जाळ्यात, पाण्यातच ठेवून दोन गोष्टी बघतात. हिरड्या काळ्या असतील तर चिनूक. दातांच्या मुळाशी पांढऱ्या असतील तर कोहो. मग शेपटीच्या थोडं अलीकडे, पाठीवरचा अंगठ्याएवढा मांसल पर. हॅचरीत, म्हणजे पैदास केंद्रात, वाढवलेल्या पिल्लांचा तो सोडण्यापूर्वीच कापतात, दर वर्षी लाखोंच्या संख्येने. कोहोच्या पाठीवर पर शाबूत असेल तर मासा जंगली, आणि इथे तो बहुतेक वेळा सोडावाच लागतो.

हा नियम जाचक वाटणाऱ्यांनी उत्तरेची कोलंबिया नदी बघावी. एके काळी तिच्यात दर वर्षी एक ते दीड कोटी सामन चढत, असा अंदाज आहे. 1938 साली बॉनव्हिल धरण झालं, मागोमाग इतर आली. याच नदीच्या वाटेने आयडाहोतल्या रेडफिश तलावाचा सॉकाय सामन समुद्रापासून 1,450 किलोमीटर येतो, आठ धरणं ओलांडतो, 2,000 मीटर उंची चढतो. 1992 साली तिथे किती पोहोचले? एक. नर. मादी आलीच नाही. त्याचं वीर्य गोठवून ठेवलं गेलं, पैदास केंद्रात वापरलं गेलं, आणि 2014 साली त्या खोऱ्यात दीड हजारांहून अधिक सॉकाय परतले.