खोल बोअरला पाताळगंगा लागते का? पाण्यालाच विचारा!



चामटोली परिसरातल्या उन्हाळी बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते, "साहेब, विहीर आटली, पण बोअर खोल मारली की पाताळगंगा लागेलच!" लागते का खरेच? याचे उत्तर आता पाणीच देते.

पाण्यातल्या ऑक्सिजनच्या दर 500 अणूंत साधारण एक अणू जास्त वजनाचा असतो. तो ऑक्सिजन-18. हायड्रोजनचा असाच वजनदार भाऊ म्हणजे ड्युटेरियम. हे स्थिर समस्थानिक. किरणोत्सर्ग नाही, तेव्हा भीती नको. 1961 साली हार्मन क्रेग या शास्त्रज्ञाने दाखवले, की पावसाच्या पाण्यात या दोघांचे प्रमाण एका ठराविक हिशेबात राहते.

हा हिशेब दोन प्रकारे बिघडतो. भात वारवताना भूस लांब उडते, भरलेला दाणा पायाशी पडतो. तसेच तळ्यातून हलके पाणी आधी उडते, वजनदार मागे राहते. दुसरा प्रकार खडकाचा. खूप खोल, तापलेल्या खडकाशी पाणी ऑक्सिजनची अदलाबदल करते आणि त्यातला ऑक्सिजन-18 वाढतो. खडकात हायड्रोजन नावालाच, म्हणून ड्युटेरियम फारसे हलत नाही. तपासनिसाला खूण सापडते ती इथेच.

आपल्याच ठाणे जिल्ह्यात तानसा नदीकाठी वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडे आहेत. कोकणपट्टीतल्या अशा झऱ्यांचे पाणी शास्त्रज्ञांनी समस्थानिकांनी तपासले. त्यात तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचेही काम आहे. निष्कर्ष असा, की मूळ पाणी पावसाचेच. काही ठिकाणी समुद्राच्या पाण्याचा अंश. भेगांतून खोल उतरते, भूगर्भाच्या उष्णतेने तापते आणि वर येते, एवढेच!

मग आपल्या बोअरचे पाणी वेगळे कुठून येणार? आपला काळा कातळ सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पाणी राहते ते मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र थरांत. अखंड कातळ कोरडाच. मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पाऊस मुरतो, कातळातली खनिजे विरघळवतो, कॅल्शियम-मॅग्नेशियम पाण्यात उतरवतो. भांड्यावर बसणारा पांढरा थर तोच बरं का.

थोडक्यात, बोअर म्हणजे कणगी. भरली तरच निघेल. म्हणून बोअरच्या खर्चाआधी डोंगरउतारावर समतल चर खणा, ओढ्यावर वनराई बंधारे घाला, विहिरीत पाणी सोडायचे तर वाळू-खडीच्या थरातून गाळूनच सोडा. ग्रामपंचायतीने दोन-तीन विहिरींची पातळी दिवाळीनंतर आणि मे महिन्यात मोजून वहीत लिहावी.

समस्थानिकांची तपासणी संशोधन संस्थांचे काम. शेतीसाठी पाण्याचा सामू आणि क्षार तपासले तरी पुरते. पण कुणी शास्त्रज्ञ नमुना मागायला आले, तर बाटली काठोकाठ भरा, आत बुडबुडा ठेवू नका, बूच घट्ट लावा. वाफ उडाली की पाण्याची साक्ष फिरते!