लग्नाची सीडी नव्या टीव्हीवर

देगलूर परिसरातल्या घरांत लग्नांची चित्रणं त्या त्या काळाच्या वस्तूंत पडून आहेत. आधी व्हीएचएस कॅसेट, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी, आता पेन ड्राइव्ह. तेलंगण आणि कर्नाटक दोन्ही जवळ, त्यामुळे सोयरिकी बिदर, बोधन, निझामाबादपर्यंत. एकच चित्रण तिन्ही राज्यांतल्या टीव्हींवर चालायला हवं असतं. चाललं नाही की लोक लगेच कन्व्हर्टर शोधतात. मला वाटतं, कन्व्हर्टर हा शेवटचा उपाय आहे. नव्याने दाबलेल्या प्रत्येक फाइलमधून चित्राचा काही तपशील कायमचा जातो, आणि गेलेल्या माणसांचे चेहरे त्याच तपशिलात असतात.

एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही नुसती डब्यांची नावं. आत चित्र एका पद्धतीने दाबून भरलेलं असतं, आवाज दुसऱ्या. या दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. डबा ओळखीचा असूनही आतलं टीव्हीला उलगडता येत नाही, म्हणून ‘फाइल चालत नाही’ अशी पाटी येते. मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की चित्राचा आणि आवाजाचा कोडेक वेगवेगळा दिसतो. निदान तिथूनच सुरू करावं.

चित्र दिसतं पण आवाज नाही, ही फार नेहमीची तक्रार. आत बहुधा एसी३ किंवा डीटीएस आवाज असतो आणि टीव्ही किंवा मोबाइलमध्ये त्याची सोय नसते. अशा वेळी चित्राला हात लावू नये. एफएफएमपेग हे मोफत साधन चित्र जसंच्या तसं ठेवून फक्त आवाज एएसी पद्धतीत बदलतं. मोठ्या फाइललाही मिनिटंच लागतात आणि चित्राचा कणही हलत नाही.

व्हीसीडीची गोष्ट निराळी. तिच्यात डॅट नावाची फाइल असते आणि तिच्या आत साधं एमपेग-१ चित्र, ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. व्हीएलसी ते सरळ चालवतो. खरी अडचण कॉपी करताना येते. तासाभराहून जास्त चित्रण एका सीडीवर मावावं म्हणून व्हीसीडीच्या दर तुकड्यात २०४८ ऐवजी २३२४ बाइट भरले गेले. ही जागा चुका दुरुस्त करणाऱ्या जादा माहितीतून काढलेली. म्हणून ओरखडे पडलेली सीडी प्लेअरवर अडखळत का होईना चालते, पण संगणक मध्येच कॉपी थांबवतो. चकती मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहावी. ‘फोर-के करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. मुळात नसलेला तपशील ठिपके वाढवून येत नाही.

डीव्हीडीवरचं चित्रण एकेक जीबीच्या व्हीओबी तुकड्यांत असतं. एकच तुकडा उचलला की लग्न अर्धवट राहतं, म्हणून सगळं फोल्डर घ्यावं. जुन्या कॅमेऱ्यांत आणखी एक गुण आहे: सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र सम-विषम ओळींच्या दोन अर्ध्यांत, वेगवेगळ्या क्षणी टिपलेलं. देगलूरकर महाराजांच्या परंपरेतल्या चक्रीभजनाचं असं जुनं चित्रण संगणकावर लावलं, तर गिरक्या घेणाऱ्यांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतील. चित्रण खराब झालेलं नसतं. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस सुरू केलं की कडा स्वच्छ होतात. इथे रूपांतर योग्यच आहे, फक्त मूळ डीव्हीडी जपून ठेवावी.

आजच्या मोबाइलचा प्रश्न उलटा. आयफोन २०१७ पासून एचईव्हीसी कोडेक वापरू शकतो. फाइल लहान होते, पण जुन्या टीव्हीला ती उलगडत नाही. अशा टीव्हीसाठी एच.२६४, आठ बिट, एएसी आवाज अशी वेगळी प्रत काढावी. मोबाइल चित्रांचा वेग कमी-जास्त करतो, त्यामुळे संकलनात ओठ पुढे आणि मंगलाष्टकं मागे पडतात. प्रत काढताना वेग स्थिर ठेवण्याचा पर्याय निवडावा. चार जीबीहून मोठी फाइल पेन ड्राइव्हवर जात नसेल तर दोष फाइलचा नाही, ड्राइव्हच्या फॅट३२ मांडणीचा आहे. आतलं सगळं दुसरीकडे ठेवून तो एक्सफॅट करावा, मात्र टीव्हीला ती मांडणी चालते का हे आधी पाहून. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावं, नाहीतर वाटेत ते पुन्हा दाबलं जातं.

व्हीएचएसला यातलं काही लागू पडत नाही. तिथे फाइलच नाही. चालू व्हीसीआर आणि कॅप्चर कार्ड लागतं, आणि टेप फिरेल तेवढाच वेळ जातो. चुंबकीय थर वर्षागणिक उतरत असतो. घरातल्या सगळ्या चित्रणांत आधी हात घालायचा तो त्या कॅसेटींना.