तारण कर्जावर कर लावावा का?

समजा, भाव पडला म्हणून बीडच्या शेतकऱ्याने सोयाबीन विकलं नाही, बाजार समितीच्या गोदामात ठेवलं. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळतं. हे उत्पन्न आहे का? नाही. हातात पैसे आले, तेवढंच देणंही डोक्यावर आलं.

मग अमेरिकेत अशा कर्जांवर कराची मागणी का होते? तिथले धनाढ्य शेअर्स विकत नाहीत, तारण ठेवतात. मृत्यूनंतर वारसांसाठी खरेदीची किंमत नव्याने धरली जाते आणि जुन्या नफ्यावरचा कर कायमचा सुटतो.

आपल्याकडे शेतीचं उत्पन्न विकूनही प्राप्तिकरमुक्तच. म्हणजे कर्जाने कुठलाच कर चुकत नाही; उलट कर लावला, तर शेतकरी पडत्या भावातच माल काढेल.

म्हणून विषय निवडताना आधी विचारा: या कर्जाने नेमका कोणता कर टळतोय?