तारीख कोर्टाची, सुट्टी आर्मीची

घटस्फोटाची नोटीस नवऱ्याच्या हातात पडण्याआधी त्याच्या बॉसने वाचलेली असावी, अशी कल्पना करून बघा. तुमच्या हिंजवडीच्या किंवा अंधेरीच्या ऑफिसात असं झालं तर तुम्ही त्याच दिवशी राजीनामा टाइप करायला घ्याल. माझ्या मावसभावाच्या बाबतीत मात्र हे अगदी नियमाप्रमाणे झालं. तो आर्मीत मेजर आहे, आणि प्रतिवादी सैनिक असेल तर समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवावं, असं आपला दिवाणी प्रक्रिया कायदाच सांगतो. मार्च २०२४ मध्ये सीओ साहेबांनी त्याला बोलावलं, चहा मागवला आणि पाकीट पुढे सरकवलं. दादा म्हणतो, ‘साहेब इतके गोड बोलत होते की मला वाटलं, घरी कुणीतरी गेलं.’

हे सगळं मी लांबून बघितलेलं नाही. एम.ए. मास कॉम संपवून पुण्यात फ्रीलान्सिंग सुरू केलं तेव्हा भाड्याला पैसे नव्हते. दादा फील्डवर होता, कोथरूडच्या टू बीएचकेमध्ये वहिनी एकटी. ‘ये की राहायला,’ ती म्हणाली. मी गेले आणि दीड वर्ष राहिले. त्यामुळे त्यांच्या लग्नात नवऱ्यापेक्षा जास्त दिवस मीच तिच्यासोबत काढले, असं आम्ही हसत म्हणायचो. नंतर नंतर ते हसणं बंद झालं.

लग्न डिसेंबर २०१८चं. वहिनी एका आयटी कंपनीत, पगार दादाच्या तोडीस तोड. त्यांचा सगळ्यात चांगला काळ कुठला माहितीये? लॉकडाऊन! दादा तेव्हा पीस स्टेशनला होता आणि हिचं वर्क फ्रॉम होम. कँटोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये बसून ती अमेरिकेतल्या क्लायंटचे कॉल घ्यायची. मग ऑफिसने परत बोलावलं, दादाला लडाख मिळालं. फील्डला कुटुंब नेता येत नाही. वर्षाला साठ दिवस ॲन्युअल लीव्ह आणि वीस दिवस कॅज्युअल, तीही युनिटच्या सोयीने. वहिनीच्या बाबांची बायपास झाली तेव्हा तो ग्लेशियरवर होता. पोस्टवरून आठवड्यातून एखादा फोन यायचा, काही मिनिटांचा. तेवढ्यात काय काय बोलणार? ‘बरी आहेस ना?’ ‘बरी आहे.’ हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून ती हेच बोलत होती, मी शेजारी उभी होते.

जानेवारी २०२३ची सुट्टी त्यांची शेवटची. भांडण वगैरे काही नाही. दोघं एकमेकांना ‘तू घे ना आधी’ म्हणत चहाचा कप पुढे करत होते. पाहुण्यांशी वागतो तसं. ते बघून मला भांडणापेक्षा जास्त भीती वाटली.

वर्षभराने वहिनीने शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज टाकला. तिच्या पहिल्या वकिलाने कारण लिहिलं ‘परित्याग’, म्हणजे नवरा सोडून गेला. वाचून तीच चिडली. ड्यूटीवर जाणं म्हणजे बायकोला टाकणं नव्हे, हे तिलाही कळत होतं आणि कायद्यालाही कळतं. परित्याग ठरायला सोडून जाण्याचा इरादा लागतो, शिवाय सलग दोन वर्षं. पण वकीलसाहेबांना फॉर्मात काहीतरी भरायचं होतं, भरलं!

साहेबांच्या प्रमाणपत्राची गोष्ट

समन्सनंतर दोन गोष्टी झाल्या. एक, सीओंनी दादाला पुढच्या पोस्टवरून आठवडाभर खाली ठेवून घेतलं. रात्री हत्यार घेऊन पहारा देणाऱ्या माणसाच्या डोक्यात घरचा विचार नको, हा त्यामागचा हिशोब. दोन, १९२५चा एक कायदा जागा झाला. होय, १९२५! इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट. सैनिक युद्धपरिस्थितीत किंवा विशेष परिस्थितीत नोकरीवर असेल, कोर्टात येऊ शकत नसेल आणि त्याच्या बाजूने कुणी उभं नसेल, तर कोर्ट खटला थांबवून सैन्याच्या अधिकाऱ्याला कळवतं. ‘हा माणूस आत्ता येऊ शकत नाही’ असं प्रमाणपत्र तिकडून आलं की सुनावणी पुढे जाते. सैनिकाच्या पाठीमागे एकतर्फी हुकूम झालाच, तर तो रद्द करून घेण्याची सोयही त्यात आहे.

कायदा चांगलाच आहे. विचार करा, बर्फात बसलेल्या जवानाची गावाकडची जमीन कुणी परस्पर लाटली तर? त्याच्यासाठीच तर हे कवच आहे. पण घटस्फोटात कवचाच्या बाहेरही एक माणूस उभं असतं. प्रमाणपत्र आलं, केस थांबली, त्या संध्याकाळी वहिनी घरी आली आणि पर्स सोफ्यावर आपटून म्हणाली, ‘तुझ्या दादाला शंभर वर्षांचा कायदा आहे गं. मी एकतीसची आहे, मला काय आहे?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. माझा भाऊ आहे म्हणून मी त्याच्या बाजूची, असं मावशी धरून चालली होती. पण त्या महिन्यात मी वहिनीच्या बाजूची होते, हे इथे सांगून टाकते. मावशी हे वाचेल, वाचू दे.

गंमत म्हणजे दादाने ही मुदत मागितलीच नव्हती. कागद वरच्यावर फिरले. केस थांबल्याचं मी मेसेज करून ठेवलं, ते त्याने तीन आठवड्यांनी वाचलं. जूनमध्ये फोन आला. वहिनीला नाही, मला. ‘तिला सांग, मी अडवत नाहीये. म्युच्युअल करू. मी येतो.’

‘दादा, हे तू तिला सांग,’ मी म्हटलं आणि फोन तिच्या हातात दिला. किचनमध्ये जाऊन मी नळ सोडून ठेवला, म्हणजे ऐकू येऊ नये. तब्बल अकरा मिनिटं बोलली दोघं. दीड वर्षातला सगळ्यात लांब फोन!

‘वेगळे कधीपासून?’

परस्पर संमतीचा घटस्फोट, म्हणजे हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ ब, ऐकायला सोपा. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं, दोघांनी मिळून अर्ज करावा, मग सहा महिने थांबून पुन्हा येऊन ‘हो, हवाय’ म्हणावं. तुमच्याआमच्यासाठी ठीक. साठ दिवसांची सुट्टी असलेल्या माणसाने सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा कसं यायचं? व्हिडिओ कॉलवर का नाही, असं मीही विचारलं. दादा म्हणाला, ‘तिकडे आवाज पोचतो तेच खूप. जजसाहेबांना काय, गोठलेला चेहरा दाखवू?’

वाट काढून दिली ती सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या अमरदीप सिंग निकालाने. ही सहा महिन्यांची थांबण्याची अट सक्तीची नाही. दोघं दीड वर्ष वेगळी असतील, समेटाचे प्रयत्न झालेले असतील, पैशांचं आणि मुलांचं सगळं मिटलेलं असेल, तर कोर्ट ती माफ करू शकतं. मूल नव्हतं. पैशांचं भांडण नव्हतं, वहिनीने पोटगी नको म्हटलं. (हवी असती तर आर्मी ॲक्टखाली सैन्याकडेच थेट अर्ज करता येतो, पगारातून कापून मिळते. सैनिकांच्या कितीतरी बायकांना हे ठाऊकच नसतं.)

ऑक्टोबर २०२४. दादाचं हेलिकॉप्टर खराब हवेमुळे तीन दिवस उडालंच नाही, पहिली तारीख हुकली. मग पुढची मिळाली. कौन्सेलर मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘कधीपासून वेगळे राहताय?’

दोघंही गप्प. मग वहिनी म्हणाली, ‘मॅडम, तसं बघितलं तर लग्न झाल्यापासूनच.’

दादाने खिशातून कागद काढला. लीव्हच्या नोंदींवरून त्याने एकत्र राहिल्याचे दिवस मोजून आणले होते. सहा वर्षांत ४१२, त्यातले बरेचसे लॉकडाऊनचे. मॅडमनी समजावलं की वेगळं राहणं अंतरावर ठरत नाही. नवरा-बायको म्हणून जगणं ज्या दिवशी मनाने थांबवलंत, तो दिवस सांगा. दोघांनी एकाच वेळी सांगितलं, ‘जानेवारी २०२३.’ एवढं एकमत त्यांचं मी पहिल्यांदाच बघत होते.

सुट्टी संपायला नऊ दिवस असताना हुकूमनामा हातात आला. कोर्टाबाहेर दोघांनी उसाचा रस प्यायला, पैसे वहिनीने दिले.

पुढच्या वर्षी, २६ जुलै २०२५ला, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली. घरापासून लांब असलेल्या सैनिकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या कोर्टकचेऱ्यांसाठी मोफत मदत, तीही सैनिक बोर्डाच्या पातळीवर. दादाच्या वेळी असती तर मी वकिलांच्या केबिनबाहेर इतक्या दुपारी काढल्या नसत्या.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कोर्टाने घटस्फोट दिला म्हणजे आर्मीच्या कागदावर तो झाला, असं नाही. युनिटने पार्ट टू ऑर्डर काढली की मगच रेकॉर्ड बदलतं. तोवर ‘नेक्स्ट ऑफ किन’च्या रकान्यात वहिनीचंच नाव होतं. म्हणजे अर्ज टाकल्यापासून ते ऑर्डर निघेपर्यंत वर काही बरंवाईट झालं असतं तर पहिला फोन तिलाच आला असता. तिला हे माहीत होतं. त्या सगळ्या महिन्यांत तिचा फोन रात्री कधीच सायलेंटवर नसायचा. मी समजत होते, अमेरिकेतल्या क्लायंटसाठी.

आता त्या रकान्यात मावशीचं नाव आहे. मावशी हल्ली अनोळखी नंबरचे फोनही उचलते. क्रेडिट कार्डवाल्यांचेसुद्धा.