सरड्याचे ‘थंड’ रक्त

अण्णासाहेब कर्वे यांनी 1900 च्या सुमारास हिंगण्याच्या ज्या ओसाड माळावर अनाथ बालिकाश्रमाची झोपडी उभारली, त्या परिसराचे आज कर्वेनगर झाले असले, तरी तेथील सोसायट्यांच्या कुंपणभिंतींवर कोवळे उन्ह खात बसणारा सरडा आपले ठाणे सोडून गेलेला नाही. आणि त्याचे रक्त थंड असते, हा शालेय पुस्तकांतून रुजलेला ग्रहही कायम आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. पहाटे भिंतीइतकाच गार असलेला हा जीव उन्ह येताच रंग गडद करतो, सूर्याकडे कूस वळवून अंग चपटे करतो, आणि थोड्याच अवधीत त्याचे रक्त आपल्या रक्ताइतके ऊबदार होते; पुढे उन्ह चढले, की फिका पडून तो झुडपाच्या सावलीत सरकतो. देहात उष्णता निर्माण करण्यासाठी अन्न खर्ची घालण्याऐवजी तो ती बाहेरून मिळवतो. सबब तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या आहाराच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर त्याचा निर्वाह चालतो. अशा काटकसरीला मागासलेपण म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरा गैरसमज आकड्याचा. हवामान खात्याचे मुख्यालय 1928 साली सिमल्याहून शिवाजीनगरला आले, म्हणून पुणेकर ज्याला आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, तेथे पारा 40 अंशांवर गेल्याची नोंद झाली, म्हणजे साऱ्या जीवसृष्टीने 40 अंशच सोसले, असे आपण गृहीत धरतो. परंतु ते दफ्तरी तापमान झडपांच्या पांढऱ्या पेटीतले, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवरच्या, सावलीत खेळत्या हवेचे असते. त्याच घटकेस उन्हातला डांबरी रस्ता 60 अंशांच्या घरात असू शकतो, आणि रस्त्याकडेच्या झाडाखाली, हातभर खोल मातीत, पुष्कळ गारवा असतो. मुंगीचे हवामान वीतभर जागेचे असते. तिला शहराचा आकडा लागू पडत नाही.

कुत्र्याला जिभेतून घाम येतो, हेही खरे नव्हे. त्याच्या घामाच्या उपयुक्त ग्रंथी मुख्यत्वे पंजांच्या तळव्यांना. जिभेवरून गळते ती लाळ. मिनिटाला 300 हून अधिक वेळा धापा टाकून तो जिभेवरचा व श्वसनमार्गातला ओलावा उडवतो आणि त्या बाष्पीभवनाने निवतो. विजेच्या तारेवर चोच वासून बसलेला कावळा तहानलेलाच असतो असे नाही. पक्ष्यांना घर्मग्रंथीच नसल्यामुळे तोही हाच उपाय योजत असतो. उपाय खर्चिक आहे, कारण प्रत्येक धापेबरोबर देहातले पाणी जाते.

मुठेकाठच्या चिखलात लोळणाऱ्या म्हशीला आपण आळशी ठरवतो. तिची काळी कातडी उन्ह शोषून घेते, आणि घर्मग्रंथी गाईच्या मानाने फारच विरळ. अंगावर बसलेला चिखलाचा लेप नुसत्या पाण्यापेक्षा अधिक वेळ ओल धरतो, तोवर तिला गारवा मिळतो.