कृमी: आकार एक, घराणी अनेक

लांबट, मऊ, बिनहाडाचा आणि बिनपायांचा प्राणी म्हणजे कृमी, एवढी ओळख व्यवहारात पुरते. प्राणिशास्त्राला ती पुरत नाही. गांडूळ, जंत आणि पट्टकृमी एका माळेचे मणी वाटले तरी त्यांची घराणी वेगळी आहेत. चिखलात, वाळूत किंवा दुसऱ्याच्या आतड्यात राहायचे तर लांबट शरीर सोयीचे पडते, म्हणून कितीतरी वंशांनी हा एकच आकार धरला. जमिनीवर त्यांतले मोजकेच वंश पोहोचले. समुद्रात जवळजवळ सगळेच आढळतात.

कार्ल लिनियसने १७५८ साली प्राण्यांचे सहा वर्ग केले. सस्तन, पक्षी, उभयचर, मासे आणि कीटक यांतून जे उरले ते सारे त्याने 'व्हर्मिस', म्हणजे कृमी, या वर्गात लोटले. शिंपले, जेलीफिश, तारामासा, गांडूळ असे सगळेच त्यात होते. वर्ग कसला, अडगळीची खोलीच ती. ती आवरायला सुरुवात केली फ्रान्सच्या लामार्कने. १७९३ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात कीटक आणि कृमींचे अध्यापकपद त्याच्याकडे आले आणि पुढच्या काही वर्षांत त्याने वलयी प्राण्यांचा वर्ग वेगळा काढला. लाकडी जहाजे पोखरणारा टेरेडोही कृमी म्हणूनच ओळखला जाई. १७३० च्या दशकात त्याने हॉलंडच्या समुद्रबांधांचे लाकूड खाऊन हाहाकार उडवला होता. प्रत्यक्षात तो अंग लांबलेला शिंपला आहे, आणि त्याच्या तोंडाशी असलेली दोन इवली कवचे हीच लाकूड कोरण्याची हत्यारे आहेत.

पाठ्यपुस्तकांतली विभागणी देहगुहेवर, म्हणजे शरीरभित्ती आणि आतडे यांच्यामधल्या पोकळीवर, आधारलेली आहे. चपट्या कृमींना ही पोकळी नसते. त्यांच्यापैकी बहुतेकांचे तोंड हेच गुदद्वार. यकृतकृमी आणि पट्टकृमी परजीवी असल्यामुळे या संघाचे नाव बदनाम आहे, पण प्रवाळांवर सरपटणारे त्यांचे समुद्री भाऊबंद रंगांनी डोळे दिपवतात. गोलकृमींची देहगुहा आभासी असते. नारूचा रोग देणारा कृमी याच संघातला. भारत २००० साली त्यातून मुक्त झाला. समुद्रतळाच्या चिखलात गोलकृमींची गर्दी असते, पण बहुतेक इतके बारीक की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. अपवाद स्पर्म देवमाशाच्या वारेत राहणाऱ्या एका जातीचा: तिची लांबी आठ मीटरच्याही पुढे जाते. लांबीचा विक्रम मात्र रिबन कृमींच्या नावावर सांगतात. १८६४ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज किनाऱ्यावर वादळानंतर सापडलेला एक कृमी ५५ मीटर भरला म्हणतात. त्याचे अंग रबरासारखे ताणले जाते, तेव्हा हे माप जरा सबुरीनेच घ्यावे.

खरी देहगुहा आणि खंडांचे शरीर असलेले ते वलयी. गांडूळ आणि जळू यांच्यामुळे हा संघ गोड्या पाण्याचा आणि ओल्या मातीचा वाटतो, पण त्यातल्या बहुसंख्य जाती समुद्रातल्या आहेत. नेरीस हा त्यांचा नमुना. त्याच्या प्रत्येक खंडाला दोन्ही बाजूंनी वल्ह्यासारखे परापाद असतात आणि त्यांतून दृढरोमांचे झुबके बाहेर आलेले असतात. डोक्यावर चार डोळे; भक्ष्य जवळ आले की घसा उलटा होऊन बाहेर येतो आणि त्याच्या टोकाचे दोन जबडे मिटतात. या जबड्यांना जस्तामुळे कठीणपणा येतो. ग्लिसेरा या त्याच्या नातलगाच्या चार विषारी दातांत चक्क तांबे असते. सामोआच्या प्रवाळांत राहणारा पालोलो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कृष्णपक्षातल्या अष्टमीच्या सुमारास, अंडी आणि शुक्राणूंनी भरलेला शरीराचा मागचा भाग तोडून सोडून देतो. ते तुकडे पोहत पृष्ठभागावर येतात आणि माणसे जाळ्यांनी गोळा करून ते आवडीने खातात. डोके खाली बिळात सुखरूप असते.

वर्गीकरणाची सर्वांत मोठी फजिती खोल समुद्रातल्या नळीकृमींनी केली. १९०० च्या सुमारास डच सिबोगा मोहिमेने इंडोनेशियाच्या समुद्रातून तोंड आणि आतडे नसलेले धाग्यासारखे कृमी वर काढले. त्यांना कुठे बसवावे हे कळेना, म्हणून पुढे त्यांचा वेगळा संघ कल्पिला गेला. १९६४ मध्ये अखंड नमुने हाती आले तेव्हा उलगडा झाला: आधीचे नमुने ओढून काढताना शेपटाकडचा भाग तुटून चिखलातच राहत होता. त्या भागाला खंड होते आणि दृढरोमही. १९७७ मध्ये गालापागोसजवळ गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी रिफ्टिया सापडला. दोन मीटरहून लांब पांढऱ्या नळ्या, वर हिमोग्लोबिनने लालभडक तुरा, आणि पोटात आतड्याऐवजी जीवाणू. हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळवून हे जीवाणूच कृमीला पोसतात. मेलेल्या देवमाशांच्या हाडांत मुळे रोवणारा ओसेडॅक्स २००२ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ मिळाला. त्याचे सूक्ष्म नर मादीच्या नळीतच राहतात. हे सगळे आज वलयी संघातलेच एक कुटुंब आहे. डीएनएच्या पुराव्याने, ज्यांच्या अंगावर खंडाचा मागमूस नाही असे शेंगदाणा कृमी आणि चमचा कृमीही तिथेच आणून बसवले.

डीएनएने जुनी मांडणीही उलटवली. कात टाकणारे गोलकृमी १९९७ पासून कीटक आणि खेकड्यांच्या गोतावळ्यात धरले जातात, तर गांडुळाचे जवळचे नाते गोगलगाईशी निघाले. वाळूत बीळ करणारा बॅलॅनोग्लॉसस दिसायला अस्सल कृमी, पण त्याच्या घशाला कल्ल्यांसारख्या फटी असतात आणि तो तारामाशांचा सोयरा ठरतो. झेनोटर्बेलाचा तंटा अजून मिटलेला नाही. स्वीडनच्या किनाऱ्याजवळ १९१५ मध्ये मिळालेल्या या प्राण्याला मेंदू नाही, गुदद्वार नाही. १९९७ मध्ये त्याच्या डीएनएवरून तो शिंपल्यांचा नातलग असल्याचे जाहीर झाले. नंतर लक्षात आले की तो डीएनए त्याने खाल्लेल्या शिंपल्यांचा होता. २०१६ मध्ये पॅसिफिकमधून त्याच्या आणखी चार जातींची नोंद झाली. काही संशोधक त्याला डावी-उजवी बाजू असलेल्या सर्व प्राण्यांच्या वंशवृक्षाची सर्वांत आधी फुटलेली फांदी मानतात, तर काही त्याला तारामासे आणि बॅलॅनोग्लॉसस यांच्या शेजारी ठेवतात.