समईच्या उजेडात कॅमेऱ्याची नजर

आळंदी, मोशी, चिंचवड, चाकण. लग्नसराईत या पट्ट्यातली मंगल कार्यालयं ओस पडत नाहीत. कारखान्यातली पाळी सांभाळून लग्नाचे फोटो काढणारे तरुण इथे भेटतात. कॅमेरा बहुधा हप्त्यावर घेतलेला असतो. अंतरपाट दूर होतो आणि वधूवर एकमेकांकडे पाहतात, तो क्षण सेकंदभराचा. तो हुकला तर भटजींना 'पुन्हा एकदा' म्हणता येत नाही. म्हणून कॅमेरा घेताना पहिला प्रश्न असतो, 'कमी उजेडात कुठला लवकर फोकस पकडतो?'

जाहिरात या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देते : उणे तीन ईव्ही, उणे सहा ईव्ही. आकडा जितका उणे, तितका कॅमेरा अंधारात तरबेज, असा समज. ही समजूत कुठवर खरी आहे, हे तपासायचं तर आधी कॅमेरा फोकस कसा करतो ते पाहायला हवं.

आपोआप फोकस होणारा, मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला कॅमेरा म्हणजे १९७७चा कोनिका सी ३५ एएफ. १९८५ साली मिनोल्टाने ७००० या मॉडेलमध्ये ही यंत्रणा, मोटरसकट, एसएलआर कॅमेऱ्याच्या अंगातच बसवली. पुढे डिजिटल कॅमेऱ्यांत दोन पद्धती रूढ झाल्या. भोसरी-चाकणच्या कोणत्याही शॉपमधल्या माणसाला त्या गेजच्या भाषेत चटकन कळतील. 'गो-नो गो' गेज फक्त 'बसतं' किंवा 'बसत नाही' एवढंच सांगतो. डायल गेज मात्र किती फरक आहे आणि तो कुठल्या बाजूला आहे, हेही दाखवतो.

पहिली पद्धत काँट्रास्टची. कॅमेरा भिंग थोडं सरकवतो, चित्राच्या कडा किती ठळक झाल्या ते पाहतो, आणखी सरकवतो. ठळकपणा कमी व्हायला लागला की 'पुढे गेलो' हे कळतं आणि भिंग मागे येतं. अचूकता चांगली, पण चाचपडणं अटळ. दुसरी पद्धत फेजची. भिंगाच्या डाव्या आणि उजव्या भागातून येणाऱ्या दोन प्रतिमा कॅमेरा ताडून पाहतो. त्या एकमेकींपासून किती आणि कोणीकडे सरकल्या आहेत, यावरून भिंग कुठे न्यायचं ते जवळजवळ एका झटक्यात ठरतं. २०१३ साली कॅननने ७०डी मॉडेलमध्ये सेन्सरच्या प्रत्येक चित्रबिंदूचे दोन भाग करून हे काम थेट सेन्सरवर आणलं.

दोन्ही पद्धतींना प्रकाश लागतो. प्रकाश हा कणाकणांनी येतो, पावसाच्या थेंबांसारखा. थेंब कमी असले की मोजणीत चढउतार जास्त. प्रकाश एक चतुर्थांश झाला की खऱ्या संकेताचं गोंगाटाशी असलेलं प्रमाण निम्म्यावर येतं. मग कॅमेऱ्याला जास्त वेळ थांबून प्रकाश गोळा करावा लागतो, नाहीतर चुकीचा अंदाज बांधावा लागतो. मंद उजेडात भिंग पुढे-मागे झुलत राहतं, ते यामुळे.

आता तो ईव्हीचा आकडा. शून्य ईव्ही म्हणजे सुमारे अडीच लक्स प्रकाश. दर पायरीला तो दुप्पट किंवा निम्मा होतो. एका मेणबत्तीचा एक मीटरवर पडणारा उजेड साधारण एक लक्स. देवघरातल्या एका वातीच्या समईचा अंदाज यावरून करावा. निरभ्र पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास. उणे सहा ईव्ही म्हणजे ०.०४ लक्स, चांदण्याच्याही सहाव्या हिश्श्याइतकं. उलट ज्या कार्यालयात १६० लक्स उजेड आहे, तिथे सहा ईव्ही असतात. म्हणजे उणे सहाच्या चार हजारपट प्रकाश. तरीही तिथे कॅमेरा का अडखळतो?

पहिलं कारण भिंगाचं. २०१२च्या कॅनन ५डी मार्क थ्रीची मर्यादा उणे दोन होती, २०१८च्या ईओएस आरची उणे सहा. कागदावर सोळापट सुधारणा. पण हा दुसरा आकडा एफ/१.२ भिंग आणि मधला बिंदू वापरून, स्थिर वस्तूवरच्या फोकससाठी दिलेला आहे. आपल्या तरुणाकडच्या साध्या झूमचं छिद्र लांबच्या टोकाला एफ/५.६ असतं. त्यातून सुमारे बावीसपट कमी प्रकाश आत येतो. जवळजवळ साडेचार पायऱ्या तिथेच गेल्या.

दुसरं कारण विषयाचं. पांढरी भिंत, गुळगुळीत फेटा, होमाचा धूर यांत पकडायला कडाच नसते. सेन्सरवरची फेज पद्धत बऱ्याच कॅमेऱ्यांत डावी-उजवी बाजूच ताडते, म्हणून उभ्या रेघा तिला सहज दिसतात, आडव्या नाही. अंतरपाटाची वरची कड आडवीच. कॅमेरा जरा तिरका धरला तर कधीकधी काम भागतं, ते यामुळे.

तिसरं कारण दिव्यांचं. पिंपरीच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात किंवा चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात प्रयोग चालू असताना फ्लॅश उडवणं शोभत नाही. रंगमंचावर निव्वळ लाल प्रकाश असला तर नेहमीच्या सेन्सरचे एक चतुर्थांश चित्रबिंदूच खऱ्या अर्थाने पाहतात. त्यातून आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. हलक्या प्रतीचे एलईडी सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण कॅमेऱ्याचं वाचन नेमकं मंद क्षणी झालं तर हिशेब फसतो.

थोडक्यात, ईव्हीचा आकडा 'जमेल का' याचं उत्तर आहे, 'किती वेळात' याचं नाही. वेगाची तुलना ज्याची त्यालाच करावी लागते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन्ही कॅमेऱ्यांना सारख्या छिद्राची भिंगं लावावीत. संध्याकाळी खोलीत एकच मंद दिवा ठेवावा. फोनच्या स्लो-मोशनमध्ये सेकंदाला २४० चौकटी घेता येतात, म्हणजे एक चौकट साधारण चार मिलिसेकंदांची. बटण अर्धं दाबल्यापासून हिरवा चौकोन येईपर्यंतच्या चौकटी मोजाव्यात. भिंग एकदा अगदी जवळ आणि एकदा दूरवर नेऊन सुरुवात करावी. प्रत्येक वेळी फोटोही काढून मोठा करून पाहावा, कारण हिरवा चौकोन हा कॅमेऱ्याचा दावा असतो, पुरावा नव्हे. कॅमेऱ्याचा पडदा स्वतःच थोडा मागे असतो, तेव्हा दोन-चार चौकटींच्या फरकावरून निकाल देऊ नये.

अशी मोजणी निदान वीस वेळा करावी, आणि इथे खरा मुद्दा येतो. समजा, एका कॅमेऱ्याने अठरा वेळा पाव सेकंदात फोकस पकडला आणि दोनदा दोन-दोन सेकंद लावले. दुसऱ्याने वीसही वेळा अर्धा सेकंद घेतला. सरासरीत पहिला जिंकतो. लग्नात मात्र दुसराच घ्यावा, कारण ती दोन अपयशं नेमकी अंतरपाटाच्या वेळी येणार नाहीत याची हमी कुणी देत नाही.

या पट्ट्यातल्या कारखान्यांना हे नवीन नाही. क्वालिटीचा माणूस सरासरी मापावर समाधान मानत नाही, मापं किती पसरली आहेत ते पाहतो. वाहनाचा सुटा भाग सरासरीने बरोबर असून चालत नाही, प्रत्येक नग बसावा लागतो. दिवसभर कंट्रोल चार्ट भरणारा हाच माणूस संध्याकाळी कॅमेरा घ्यायला जातो, तेव्हा दुकानातल्या लखलखाटात एकदा बटण दाबतो आणि खोक्यावरच्या एका आकड्यावर वर्षाचे हप्ते लावून घेतो. त्याच्याकडे असलेली शिस्त त्याने तिथेही वापरावी. दुकानदाराकडे पंधरा मिनिटं मागावीत, कोपऱ्यातला अंधारा भाग निवडावा, आपलं स्वतःचं भिंग लावावं आणि किती वेळा फोकस सापडला त्याऐवजी किती वेळा हुकला, ते कागदावर लिहावं.